सोळा मिलिमीटर गेले कुठे? एका इंग्लिश शेतगाडीच्या मॉडेलचं प्रकरण

ऑक्सफर्डशायर पद्धतीची शेतावरची वॅगन, म्हणजे गवत नि धान्याच्या पेंढ्या वाहायची चारचाकी घोडागाडी, तिचं एकास आठ मापाचं मॉडेल. बॉडी पूर्ण, मागच्या चाकांवरून कमानीसारखी वर चढणारी कड अगदी सुरेख जमलेली, बाजूच्या बारीक दांड्या एकसारख्या, लाकूडकामात नाव ठेवायला जागा नाही. आणि तरी गाडी वळत नव्हती. पुढचा आस जरा फिरवला की चाकाची मागची कड बॉडीला घासायची, ८ अंशांच्या पुढे काही जायचंच नाही. त्यात एका चाकाचे दोन आरे तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गोळ्यातून, सुटून खुळखुळत होते.

हे मॉडेल माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं. वय ऐंशीच्या पुढे, हात आता थरथरतो, त्यामुळे काम अडलेलं. त्यांना इथे सगळे नावानंच हाक मारतात पण मला ते काही जमत नाही, म्हणून या लेखात ते आजोबा. मी इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो, हौस म्हणून बैलगाड्यांची मॉडेल्स करतो हे सहकाऱ्याला माहीत होतं, म्हणून त्यानं खोका आणून दिला आणि म्हणाला बघ काय होतंय का.

आधी सांगतो की बैलगाडीवाल्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. आपली गाडी दोन चाकांची, बैल वळले की अख्खी गाडी वळते, आस बॉडीला पक्का. चारचाकी वॅगनला पुढचा आस एका उभ्या खिळीवर फिरवावा लागतो आणि मग पुढची चाकं बॉडीच्या खाली किंवा बाजूला कुठे जाणार हा प्रश्न येतो. चाकं बारकी ठेवली तर खाली सरकतात, पण बारकं चाक चिखलात रुततं आणि ओढायला जड. म्हणून शेतावरच्या वॅगनला पुढचं चाक साधारण ४ फुटी, मागचं ५ फुटी, आणि एवढं मोठं चाक बॉडीखाली मावत नाही हे उघड आहे. काही भागात बॉडीला कमरेशी खाच द्यायचे, काही ठिकाणी सरळ मान्यच करायचे की गाडी थोडीच वळेल. आजोबांच्या ड्रॉइंगमध्ये खाच नव्हती, तळाची लाकडं सरळ होती. तरी ८ अंश म्हणजे फारच कमी, मॉडेलमध्ये दोन आसांमधलं अंतर २५० मिलिमीटर, त्यावरून हिशेब केला तर खऱ्या गाडीला वळायला १४ मीटरची त्रिज्या लागणार, शेताच्या फाटकातून ती आत कशी घेणार?

आजोबांचं म्हणणं, पुढचा आस दोन्हीकडून सेंटिमीटरभर लांब कर, विषय संपला. सहकाऱ्याचं म्हणणं, बॉडीची बाजू आतून तासून घे, कुणाला कळणार आहे. मला दोन्ही पटेना. तासायचं तर एवढी चांगली बॉडी बिघडवायची, ते तर नकोच. आणि आस लांब केला तर जमिनीवरचं चाकांमधलं अंतर वाढतं. हे अंतर कुणाच्या मनाला येईल तसं नसायचं, गावाकडच्या कच्च्या रस्त्यांवर चाकोऱ्या पडलेल्या असायच्या आणि गाडीची चाकं त्या चाकोरीत बसायलाच पाहिजेत, नाहीतर एक चाक खड्ड्यात नि एक वर असं करत गाडी जाणार. ड्रॉइंगवर हे अंतर लिहिलेलं होतं आणि आजोबांनी ते तंतोतंत पाळलं होतं. म्हणजे खाली माप बरोबर, वर मात्र चाक घासतंय. इथेच माझ्या डोक्यात आलं की चूक आडव्या मापात नसून चाकाच्या उभं राहण्यात आहे.

आजोबांची चाकं सपाट होती. टेबलावर ठेवलं की सगळे आरे एका पातळीत, आणि गाडीला लावलं की चाक गुण्यात उभं, ओळंबा लावून बघितला तर वरून खाली एक रेघ. खऱ्या इंग्लिश वॅगनचं चाक असं नसतं. ते बशीसारखं खोलगट असतं, आरे तुंब्यातून निघताना बाहेरच्या बाजूला कलतात. आणि आसाचं टोक खाली झुकवलेलं असतं, म्हणजे पूर्ण चाक वरच्या बाजूला बाहेर कलतं आणि जमिनीवर टेकलेला सगळ्यात खालचा आरा मात्र बरोबर उभा येतो. गाडी मागून बघितली तर चाकं वर फाकलेली, खाली जवळ. फोटोत हे बघून लोकांना वाटतं गाडी जुनी झाली, आस वाकला. तसं काही नाही, ती नवीन असतानाच तशी असते.

मग आजोबांना हे कसं कळलं नाही? तर ड्रॉइंगचे कागद तपासले आणि उलगडा झाला. त्यांच्याकडे बाजूचं दृश्य होतं, वरचं दृश्य होतं, पण मागून-पुढून दिसणारं दृश्य आणि चाकाचा छेद असलेला कागद गहाळ होता. बाजूनं बघितलं की खोलगट चाक आणि सपाट चाक दोन्ही सारखाच गोल दिसतात. त्या कागदावरून कितीही हुशार माणसाला खोलगटपणा दिसला नसता, आणि वरच्या दृश्यात बॉडीच्या कडेनं चाकं झाकलेली. मॉडेल करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की गाडीचं ड्रॉइंग घेताना आधी मागचं दृश्य आहे का ते बघा, बाकीचं नंतर.

नक्की कोन किती धरायचा यासाठी रेडिंगच्या म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफमध्ये गेलो. रेडिंग युनिव्हर्सिटीनं १९५१ साली सुरू केलेलं हे म्युझियम, आता रेडलँड्स रोडवर आहे, प्रवेश फुकट, आणि आत वॅगन्स. (२०१८ मध्ये एका दांडग्या मेंढ्याचा जुना फोटो ट्विटरवर टाकून जगभर व्हायरल झालेलं म्युझियम ते हेच, त्या मेंढ्यामुळे लोक येतात आणि वॅगनजवळून सरळ पुढे जातात, असो.) हात लावायचा नसतो, म्हणून मागून बरोब्बर मधोमध उभं राहून फोटो काढले आणि घरी स्क्रीनवर कोन मोजले. गाडीगाडीत फरक आहे, सुताराच्या हातावर अवलंबून, पण आमच्या मॉडेलसाठी ६ अंश धरले.

आता हिशेब बघा. पुढच्या चाकाचा व्यास मॉडेलमध्ये १५२ मिलिमीटर. ते ६ अंश बाहेर कललं की खालच्या कडेपेक्षा वरची कड १५२ गुणिले साइन ६, म्हणजे १६ मिलिमीटर बाहेर जाते. हेच ते हरवलेले सोळा मिलिमीटर. बॉडीचा तळ जमिनीपासून ११४ मिलिमीटरवर आहे, तिथे मिळणारी जास्तीची जागा १२ मिलिमीटर. आजोबांच्या गाडीत तिथे फट होती १० मिलिमीटर, ती होणार २२. वळण ८ अंशांवरून १६ वर, त्रिज्या खऱ्या मापात १४ मीटरवरून ७ मीटर. बॉडीला पटाशी न लावता, जमिनीवरचं अंतर न बदलता. फक्त तुंब्याचा मध्य दोन्हीकडे जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर घ्यावा लागला, कारण चाक कललं की तुंब्याची खालची बाजू तेवढी आत सरकते.

पण केवळ जागेसाठी एवढा खटाटोप कुणी करत नाही. खरं कारण जोराचं आहे आणि सुटलेल्या दोन आऱ्यांचं उत्तर पण त्यातच आहे. घोडा चालताना सरळ ओढत नाही, पाऊल टाकेल तसा एकदा डावीकडे एकदा उजवीकडे हेलकावतो, आणि मागची भरलेली गाडी त्याच्याबरोबर डुलते. दर हेलकाव्याला आसावरचं सगळं वजन एका चाकाच्या तुंब्याला बाहेर ढकलतं, मग दुसऱ्या. सपाट चाकात त्या धक्क्याला अडवायला काहीच नाही, आरे मुळाशी हलतात, भोक मोठं होतं, आणि मग खुळखुळा. खोलगट चाकात तुंबा बाहेर जायला लागला की आरे सपाट व्हायला बघतात, म्हणजे त्यांना लांब पसरायला जागा हवी, पण बाहेरून लोखंडी धाव, म्हणजे चाकावर चढवलेलं कडं, आवळून बसलेली, ती पसरू देत नाही. जेवढं ढकलाल तेवढं चाक घट्ट. फार्नहॅमचा जॉर्ज स्टर्ट, ज्यानं १८८४ साली वडिलांचा चाकं नि गाड्या बनवायचा कारखाना हातात घेतला आणि १९२३ च्या पुस्तकात सगळं लिहून ठेवलं, त्यानंही घोड्याच्या या चालीकडेच बोट दाखवलंय, आणि त्याला ते समजायला बरीच वर्षं लागली, कारण कारखान्यातले जुने कारागीर करून दाखवायचे, का ते कुणी सांगायचं नाही. आपल्याकडच्या सुतारांचंही असंच.

तर चारही चाकं नवी करायची ठरली. इंग्लंडमध्ये चाकाचं लाकूड ठरलेलं, तुंबा एल्मचा, आरे ओकचे, पुठे, म्हणजे चाकाच्या गोल कडेचे तुकडे, ॲशचे. एल्म का, तर त्याचे रेशे एकमेकांत गुंतलेले असतात, चहूबाजूंनी खाचा पाडल्या तरी चिरफळत नाही. ओक दाब सहन करतो, आणि आरे करवतीनं न कापता रेशाच्या दिशेनं फोडून काढलेले. ॲश लवचिक, धक्का खातो. आपल्याकडे बाभळीवर बरंचसं भागतं, इथे तीन झाडं लागतात. १९६० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या रोगानं ब्रिटनमधले कोट्यवधी एल्म गेले, ब्रायटनसारख्या ठिकाणी राखलेत तेवढे, त्यामुळे एल्मचा तुकडा मिळवणं हाच एक उद्योग. आजोबांचा हट्ट की लाकूड खरंच पाहिजे. माझं मत वेगळं होतं, एकास आठला ॲशचे रेशे फार मोठे दिसतात, पेअरचं लाकूड घेतलं असतं तर डोळ्याला माप जास्त खरं वाटलं असतं. पण गाडी त्यांची. त्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या फर्निचरचा एल्मचा पाय निघाला, त्यातून चार तुंबे आरामात झाले.

मागच्या चाकाला १२ आरे, पुढच्याला १०, आणि प्रत्येक पुठ्यात दोन आरे बसतात म्हणून पुठे सहा आणि पाच. आजोबांनी गोल काड्या गोल भोकात चिकटवल्या होत्या, तिथेही ताकद जात होती, गोल काडी भोकात फिरू शकते. आता तुंब्यात चौकोनी खाचा घेतल्या, शेजारी शेजारी ३ मिलिमीटरची भोकं पाडून मग बारक्या पटाशीनं कोपरे काढले. खाच तुंब्याला काटकोनात न पाडता ६ अंश तिरकी पाडायची, सगळी भानगड इथेच आहे. मी तुंबा ड्रिल प्रेसखाली ६ अंशांच्या पाचरीवर बसवला आणि बारा भागांची तबकडी लावून फिरवत गेलो. मग जुळणीसाठी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीचा) एक साचा, त्यात कडेला गोल पट्टी आणि मधे तुंब्याला खड्डा, पट्टीपेक्षा ७ मिलिमीटर खोल. मागच्या चाकाच्या आऱ्याची दिसणारी लांबी साधारण ६६ मिलिमीटर, ६ अंशाला तेवढाच फरक पडतो. साच्यात चाक पालथं-उताणं ठेवायची गल्लत होऊ नये म्हणून साच्यावरच मोठ्या अक्षरात ‘बाहेरची बाजू’ असं लिहून टाकलं, कारण एकदा का आरे ठोकले की ते काढता येत नाहीत.

आणि मग धाव. गावाकडे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, गोवऱ्यांचा गोल जाळ, त्यात लालबुंद कडं, चिमट्यांनी धरून चाकावर टाकायचं, लाकूड पेटतं, धूर, आणि वरून पाणी ओतलं की चर्र करून कडं आवळतं, पुठ्यांचे सांधे कटकट आवाज करत मिटतात. इंग्लंडमध्ये पद्धत तीच. बरेच मॉडेलवाले हे टाळतात, पट्टी इपॉक्सीनं चिकटवतात आणि काळा रंग मारतात. दिसायला ठीक आहे, पण मग चाक आवळलं जात नाही आणि वर सांगितलेलं सगळं गणित बिनकामाचं. आम्ही खरी धाव चढवली. ८ बाय दीड मिलिमीटरची लोखंडी पट्टी, मागच्या चाकाचा घेर सुमारे ५९७ मिलिमीटर. पुठ्यांच्या सहा सांध्यांत प्रत्येकी ०.३ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवलेली, ती मिटायला हवी म्हणून धाव २ मिलिमीटर आखूड केली. मंद लाल होईपर्यंत तापवली की ती साधारण पावणेपाच मिलिमीटर वाढते, म्हणजे व्यासात जेमतेम मिलिमीटरभर सैल, तेवढ्यात बसवायची. मोठ्या चाकाला पण हेच प्रमाण आहे, फक्त तिथे कडं बराच वेळ गरम राहतं. दीड मिलिमीटरची पट्टी बघता बघता गार होते, हवेतच. म्हणून चाक आधीच लोखंडी पाटावर ठेवून मधून बोल्टनं दाबून, धाव थेट टॉर्चखालून चाकावर, दोन लाकडी ठोकळ्यांनी खाली दाबली आणि लगेच स्प्रेच्या बाटलीनं पाणी. जोड चांदीच्या झाळणीचा नको, ते लाल होता होता वितळायला लागतं, पितळेनं झाळला.

एक बारकावा अजून. चाक कललेलं असल्यामुळे धावेचा पृष्ठभाग जमिनीला सपाट टेकायचा तर कडंही शंकूच्या आकाराचं पाहिजे, बाहेरच्या कडेचा व्यास आतल्यापेक्षा पावणेदोन मिलिमीटर कमी. पट्टी गोल वाकवताना आतली कड ऐरणीवर हलक्या हातानं ठोकत गेलं की ती ताणते आणि कडं आपोआप शंकू होतं. हे केलं नाही तर गाडी धावेच्या फक्त एका कडेवर उभी राहते, काचेच्या टेबलावर ठेवली की लगेच दिसतं.

चाक झाल्यावर कड एका लोखंडी कड्यावर टेकवून तुंब्यावर आतल्या बाजूनं ५ किलोचं वजन ठेवलं, काही हललं नाही. जुन्या सपाट चाकावर तेच वजन ठेवायला आजोबांनी बंदी घातली, आणि ते बरोबरच होतं.

आसाची टोकं ६ अंश खाली झुकवून नवी केली, शिवाय किंचित पुढच्या बाजूला वळवली, म्हणजे चाक सारखं बाहेर पळून आसाच्या टोकाच्या खिळीला घासत नाही. जोडणी झाल्यावर गाडी वळली, १६ अंशाला बरोबर बॉडीला टेकली, त्याआधी नाही. वजन भरलं सव्वादोन किलो. एकास आठला वजन ५१२ पट कमी होतं, म्हणजे खरी गाडी साधारण साडेअकराशे किलोची निघते, रिकाम्या वॅगनला शोभेल असं आहे पण जरा जडच. ते तासून कमी करता येईल. खऱ्या गाड्यांना दोन सांध्यांच्या मधल्या लाकडाच्या कडा तासलेल्या असतात, लोकांना ती नक्षी वाटते, पण तो वजन काढायचा प्रकार आहे, सांध्यापाशी जाडी ठेवायची आणि मधे जिथे गरज नाही तिथलं लाकूड काढायचं, घोड्यावर उपकार. आजोबांनी हे तासणं फक्त वरच्या दिसणाऱ्या भागात केलं होतं, खालच्या सांगाड्यात राहिलेलं.

रंगाचा वाद नव्हता, ऑक्सफर्डशायरची बॉडी पिवळी, खालचा सांगाडा नि चाकं लाल. पिवळा मात्र दुकानातला चकचकीत नको, मॅट आणि थोडा मळकट. मालकाचं नाव-गाव गाडीवर लिहिणं १८३५ च्या हायवे ॲक्टनं बंधनकारक होतं, अक्षरं कमीत कमी एक इंच उंच, म्हणजे आमच्याकडे ३ मिलिमीटर, उजव्या बाजूला. आजोबांनी स्वतःच्या आजोळच्या शेताचं नाव लिहायचं ठरवलंय, हात थरथरतो म्हणून अक्षरं त्यांची नात काढणार आहे. घोडा जोडायचा की नाही यावर घरात दोन तट आहेत. मी नको म्हणणाऱ्यांत, एवढ्या कामानंतर प्लॅस्टिकचा घोडा पुढे उभा केला की सगळी गाडी खेळणं दिसायला लागते.

आता त्यांना उतारावर मागच्या चाकाखाली घालायचा लोखंडी बूट हवाय, साखळीसकट. चाक त्यात चढलं की फिरायचं थांबतं आणि गाडी घसरत, धिम्या गतीनं उतरते. बूट पत्र्यातून वाकवता येईल, साखळीच्या कड्या मात्र एक मिलिमीटरच्या तारेच्या एकेक करून वळवाव्या लागतील, तयार साखळीच्या कड्या फार गोल असतात.